रिफंडचे पत्र खरे की खोटे, हे पत्रात शोधू नका

आमच्या सोसायटीतल्या काकू परवा संध्याकाळी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये एक कागद घेऊन आल्या. निवृत्त शिक्षिका, त्यामुळे कागदपत्रांचा नीटनेटकेपणा अंगात मुरलेला. ई-मेलला जोडून आलेले पत्र त्यांनी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणले होते. वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का, निळ्या शाईतली सही आणि पत्ता मुंबईच्या महर्षी कर्वे रस्त्यावरच्या आयकर भवनाचा. मजकूर असा: तुमचा २४,८७० रुपयांचा परतावा मंजूर झाला आहे, ४८ तासांत सोबतचा क्यूआर कोड स्कॅन करून बँक खात्याची खातरजमा करावी, अन्यथा रक्कम शासनजमा होईल.

"अरे, मी जुलैत रिटर्न भरलंय ना, त्याचंच असेल हे. करू का स्कॅन?" काकूंनी विचारले.

शंका अगदी रास्त होती. रिटर्न भरलेले, रिफंड अजून न आलेला, आणि नेमके अशा वेळी पत्र. ही पत्रे येतातच अशा दिवसांत. जुलैपासून पुढचे काही महिने लाखो माणसे रिफंडची वाट पाहत असतात. मासा कुठे आहे हे ठाऊक असेल तिथेच गळ टाकला जातो.

## आधी, रिफंड म्हणजे काय?

एसटीत कंडक्टरकडे सुटे नसले की तो तिकिटाच्या मागे आकडा लिहून देतो. उतरताना तिकीट दाखवायचे आणि उरलेले पैसे घ्यायचे. आयकराचा रिफंड म्हणजे हेच. सरकारने दिलेले ते बक्षीस नाही, अनुदान नाही. तुमच्याकडून जास्त घेतले गेलेले तुमचेच पैसे आहेत.

जास्त कसे घेतले जातात? बहुतेक वेळा टीडीएसमुळे. टीडीएस म्हणजे पैसे तुमच्या हातात पडण्याआधीच देणाऱ्याने कापून सरकारकडे भरलेला कर. काकूंचेच घ्या: त्यांना मुदत ठेवींवर वर्षाला १,२०,००० रुपये व्याज मिळाले. ज्येष्ठांसाठी असलेल्या मर्यादेपलीकडे व्याज गेल्याने बँकेने दहा टक्क्यांनी १२,००० कापले. आपल्याला कर लागत नाही असे बँकेला लिहून देणारा फॉर्म १५एच वेळेवर दिला असता तर कापले नसते, पण तो राहून गेला. वर्षअखेरीस त्यांचे एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आतच भरले. म्हणजे ते १२,००० त्यांचे.

पण कंडक्टरला तिकीट दाखवावे लागते. इथे तिकीट म्हणजे रिटर्न, आयकर विवरणपत्र. त्यात तुम्ही सगळा हिशेब मांडता आणि इतके परत द्या असे सांगता. आयकर खात्याचे बंगळुरूचे केंद्रीय प्रक्रिया केंद्र तो हिशेब तपासते आणि कलम १४३(१) खाली एक सूचनापत्र पाठवते. त्यात दोन रकाने असतात: एकात तुम्ही सांगितलेले आकडे, शेजारी खात्याने काढलेले. दोन्ही जुळले की पैसे थेट बँक खात्यात. १ मार्च २०१९ पासून रिफंड फक्त इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेच मिळतो, आणि तोही पॅनशी जोडलेल्या आणि आधीच पोर्टलवर, म्हणजे आयकर खात्याच्या वेबसाइटवर, पडताळलेल्या बँक खात्यातच.

यातच पहिली कसोटी दडलेली आहे. रिफंडचा आकडा तुम्हाला आधीच माहीत असायला हवा, कारण तो तुम्हीच रिटर्नमध्ये मागितलेला असतो. त्यावर फार तर महिन्याला अर्धा टक्का व्याज मिळते, म्हणून आलेली रक्कम थोडी जास्त दिसू शकते. काकूंनी १२,००० मागितले होते. पत्रात २४,८७० होते.

## पण पत्र तर अगदी सरकारी दिसत होते!

दिसणारच. अशोकस्तंभ कुठूनही उतरवता येतो. शिक्का संगणकावर बनतो. आयकर भवनाचा पत्ता खराच आहे, तो कोणालाही लिहिता येतो. पूर्वी अशा पत्रांत भाषेच्या ढोबळ चुका असायच्या आणि लोक त्यावरून ओळखायचे. आता मजकूर स्वच्छ असतो. उलट खात्याची खरी पत्रे संगणकाने जुळवलेली असल्याने कधी कधी जास्त क्लिष्ट आणि परकी वाटतात.

"पण त्यात माझा पॅन बरोबर आहे," हा यावरचा नेहमीचा मुद्दा. आठवून पाहा, पॅन कार्डाची झेरॉक्स आजवर किती ठिकाणी दिली? घरमालकाला, सिमकार्डवाल्याला, सोनाराला, कर्जाच्या एजंटाला, हॉटेलच्या काउंटरवर. पॅन, नाव, जन्मतारीख ही आता गुपिते राहिलेली नाहीत. ती बरोबर आहेत एवढ्यावरून इतकेच ठरते की पाठवणाऱ्याच्या हाती तुमची माहिती लागली आहे.

कलमांवरूनही निवाडा करू नका. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू होतो आणि त्यात जुन्या कलमांचे क्रमांक बदलतात. काही काळ जुने-नवे दोन्ही क्रमांक पत्रांत दिसत राहतील. कलम अनोळखी वाटले म्हणून पत्र खोटे नाही, आणि ओळखीचे वाटले म्हणून खरेही नाही.

म्हणून मी काकूंना म्हणालो, "हा कागद आता बाजूला ठेवू. याच्याकडे बघून काही कळणार नाही."

## मग कळणार कुठे? जावक नोंदवहीत

सरकारी कचेरीत काम केलेल्यांना जावक क्रमांक लगेच कळेल. कचेरीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पत्राला एक क्रमांक पडतो आणि तो नोंदवहीत चढतो. पत्राबद्दल शंका आली तर पत्र उन्हात धरून पाहायचे नाही, कचेरीत जाऊन वही उघडायला लावायची.

आयकर खात्याचा असा जावक क्रमांक म्हणजे डिन, दस्तऐवज ओळख क्रमांक. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रांवर तो घालण्याचा नियम आहे. आणि त्याची नोंदवही कोणालाही घरबसल्या उघडता येते. खात्याच्या पोर्टलवर, मुख्य पानावरच्या क्विक लिंक्समध्ये, 'ऑथेंटिकेट नोटिस/ऑर्डर इश्यूड बाय आयटीडी' अशी सोय आहे. लॉगइन लागत नाही. डिन आणि मोबाइल नंबर टाकायचा, किंवा डिन हाताशी नसेल तर पॅन, पत्राचा प्रकार, कर निर्धारण वर्ष, पत्राची तारीख आणि मोबाइल नंबर. ओटीपी येतो, तो टाकला की तसे पत्र निघाल्याची नोंद आहे की नाही ते समजते.

एक बारकावा मात्र सांगायला हवा. दुसऱ्याच कोणाच्या खऱ्या पत्राचा डिन उचलून खोट्या पत्रावर छापणे अवघड नाही. म्हणून तेवढ्यावर थांबू नका. स्वतःच्या लॉगइनमध्ये जा. 'ई-फाइल' खाली भरलेल्या रिटर्नांची यादी असते, तिथे तुमचे रिटर्न कुठल्या टप्प्यावर आहे ते दिसते. 'पेंडिंग अॅक्शन्स' खाली खात्याने तुमच्याकडून काही मागितले असेल तर ते दिसते. या दोन्ही ठिकाणी रिफंडच्या पत्राचा मागमूस नसेल, तर कागदावर काहीही छापलेले असो, त्याच्यावर अवलंबून एकही पाऊल टाकू नका.

## ओटीपी कोणाला द्यायचा नाही म्हणता, आणि इथे टाकायला सांगता?

ही शंका काकूंनीच काढली, आणि ती योग्य आहे. फरक एवढाच की दार कोणी उघडले. तुम्ही स्वतः पत्ता टाइप करून पोर्टलवर गेलात, स्वतः ओटीपी मागवला आणि त्याच पानावर टाकला, तर तुम्ही आपल्या पायाने बँकेत जाऊन सही करण्यासारखे आहे. समोरच्याने फोन केला, लिंक पाठवली, क्यूआर दिला आणि मग ओटीपी मागितला, तर अनोळखी माणसाने घरी येऊन कोऱ्या चेकवर सही मागण्यासारखे. ओटीपी तोच असतो, पण रस्ता कोणाचा यावर सगळे ठरते.

आपल्या रस्त्याने जायचे तर पत्ता नीट वाचता आला पाहिजे. खात्याच्या पोर्टलचा पत्ता आहे 'इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन'. वेबसाइटचा पत्ता शेवटून वाचायचा असतो, जसा पाकिटावरचा पत्ता. 'मु. पो.' पुढे काहीही लिहिले तरी पोस्टमन आधी जिल्हा बघतो. वेबसाइटचा जिल्हा म्हणजे, सुरुवातीच्या 'https://' मधल्या दोन रेघा सोडून, पहिल्या तिरक्या रेघेच्या आधीचे शेवटचे तुकडे. ते 'गव्ह डॉट इन' असतील तर ते सरकारी. 'इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन डॉट रिफंड डॉट कॉम' अशा पत्त्यात गव्ह आले खरे, पण जिल्हा 'रिफंड डॉट कॉम' आहे. 'इन्कमटॅक्स-गव्ह-इन डॉट कॉम' हेही तसेच. मोबाइलवर पत्ता अर्धाच दिसतो, म्हणून लिंकवर बोट ठेवण्यापेक्षा पत्ता स्वतः टाइप करणे बरे. क्यूआर कोडात तर पत्ता डोळ्यांना दिसतच नाही, हाच त्याचा धोका.

## चुकीच्या खाते क्रमांकाची युक्ती

२०२३ मध्ये एक संदेश देशभर फिरला. १५,४९० रुपयांचा रिफंड मंजूर झाला आहे, खाते क्रमांक पडताळा, तो चुकीचा असेल तर खालच्या लिंकवर जाऊन दुरुस्त करा. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या फॅक्ट चेक विभागाने तो बनावट असल्याचे जाहीर केले.

या संदेशाची रचना थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. त्यात दिलेला खाते क्रमांक अर्धा झाकलेला आणि वाचणाऱ्यासाठी चुकीचाच. लिहिणाऱ्याला तो बरोबर असायला नकोच आहे. आपले पैसे दुसऱ्याच्याच खात्यात चालले आहेत, या धास्तीने माणूस घाईघाईने लिंक उघडतो. लोभापेक्षा ही धास्ती जास्त काम करते. काकू पैशाला हपापलेल्या नव्हत्या, '४८ तासांत शासनजमा' या शब्दांनी त्यांची झोप उडाली होती. फसणारी माणसे लोभी असतात असे सहज बोलले जाते. मला ते पटत नाही. बहुतेक जण आपले काम वेळेत आणि चोख करणारी माणसे असतात, आणि नेमका तोच गुण वापरून घेतला जातो.

लिंक उघडली की पुढे बँकेच्या लॉगइनसारखे दिसणारे पान, नाहीतर एखादे अॅप उतरवून घ्यायला सांगणे, नाहीतर थोडे 'प्रक्रिया शुल्क'. रिफंडसाठी आयकर खाते कसलेही शुल्क घेत नाही. आणि पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन लागतो तो पैसे देताना.

४८ तासांचे काय? खात्याकडे रिटर्नवर प्रक्रिया करायला भरपूर मुदत असते: ज्या आर्थिक वर्षात रिटर्न भरले ते संपल्यापासून नऊ महिने. जुलै २०२५ मध्ये भरलेल्या रिटर्नसाठी ती ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत जाते. बहुतेकांचे काम कितीतरी आधी होते, पण उशीर झाला म्हणून पैसे बुडत नाहीत.

## म्हणजे आयकर खाते कधी काही विचारतच नाही?

विचारते, आणि म्हणूनच सगळी पत्रे खोटी समजून फाडून टाकणेही धोक्याचे आहे.

बँकांचे विलीनीकरण झाले, आयएफएससी (बँकेच्या शाखेचा कोड) बदलला, खात्यावरचे नाव पॅनवरच्या नावाशी जुळले नाही, की रिफंड परत जातो. मग बँक खाते नव्याने पडताळून 'रिफंड रीइश्यू'ची, म्हणजे रिफंड पुन्हा पाठवण्याची, विनंती करावी लागते. जुन्या वर्षाचा कर थकलेला असेल तर कलम २४५ खाली आयकर खाते कळवते की तो या रिफंडातून वळता करणार आहोत, आणि उत्तर द्यायला २१ दिवस देते. ते पत्र दुर्लक्षित केले तर चुकीची जुनी थकबाकीही तुमच्या पैशातून वळती होऊ शकते. डिसेंबर २०२५ मध्ये रिटर्नमधल्या दाव्यांत विसंगती दिसल्याने रिफंड थांबवला असल्याचे संदेश खात्याने अनेक करदात्यांना पाठवले. ते खरे होते, आणि कित्येकांना ते बनावट वाटले.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखीच आहे: उत्तर पोर्टलवर लॉगइन करूनच द्यायचे असते. फोनवर, व्हॉट्सअॅपवर किंवा ई-मेलला उलट उत्तर देऊन कार्डाचा नंबर, पिन, पासवर्ड आयकर खाते मागत नाही.

रिटर्नच भरले नव्हते आणि तरी रिफंडचे पत्र आले, तर मात्र फार विचार करायला नको. तिकीट नाही तर सुटे कसले? अपवाद थोडे: आधीच्या एखाद्या वर्षाच्या रिटर्नमधली दुरुस्ती किंवा अपिलाचा निकाल. वारलेल्या माणसाचा रिफंड अडकलेला असू शकतो, आणि तो वारसाला मिळू शकतो, पण त्यासाठी पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करावी लागते. पत्रासोबतच्या लिंकवरून ते होत नाही.

## पत्र खरे, पण रिफंड खोटा

हा प्रकार कमी बोलला जातो आणि मला तो जास्त घातक वाटतो. पत्र अस्सल आहे, डिन जुळतो, पैसेही खात्यात आले. पण आकडा तुमच्या हिशेबापेक्षा बराच मोठा.

असे होते, कारण "मी तुम्हाला जास्त रिफंड काढून देतो, त्यातले इतके टक्के माझे" असे सांगणाऱ्या कोणीतरी तुमचे रिटर्न भरलेले असते. न दिलेल्या देणग्या, न भरलेले घरभाडे, नसलेल्या आजारपणाचा खर्च त्यात घातलेला असतो. १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने अशा खोट्या वजावटींच्या संदर्भात देशभरात १५० ठिकाणी तपासणी केली. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी सुधारित माहिती देऊन १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतल्याचेही तेव्हा सांगण्यात आले.

एजंट आपले टक्के घेऊन निघून जातो, रिटर्नवर नाव मात्र तुमचे राहते. चुकीची माहिती दिल्याबद्दल दंड बुडवलेल्या कराच्या २०० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. म्हणून न मागितलेले जास्त पैसे आले तर ते खर्च करू नका. भरलेले रिटर्न पोर्टलवरून उतरवून घ्या आणि प्रत्येक वजावट वाचा. चूक असेल तर अपडेटेड रिटर्न भरून कर आणि व्याज भरता येते. त्यासाठी आता चार वर्षांपर्यंतची मुदत आहे, पण जितका उशीर तितकी जादा रक्कम. आणि आज एक काम नक्की करा: पोर्टलच्या प्रोफाइलमध्ये मोबाइल आणि ई-मेल कोणाचा आहे ते बघा. कितीतरी ज्येष्ठांच्या खात्यावर रिटर्न भरून देणाऱ्याचाच नंबर असतो. मग खरे पत्र येते आणि ते त्यांना दिसतही नाही.

## मुलगा परदेशात आहे, त्याला पत्र आले तर?

देश बदलला की सवयी बदलतात. ब्रिटनमध्ये जास्त भरलेल्या कराचे पी ८०० हे पत्र टपालाने येते, आणि तिथले कर खाते रिफंडची बातमी ई-मेल किंवा एसएमएसने देत नाही. अमेरिकेचे कर खातेही पहिला संपर्क साधारणपणे टपालानेच करते. म्हणजे तिकडे कागद जास्त विश्वासाचा आणि इकडे पोर्टल. पण पत्रातल्या लिंकने न जाता आपल्या रस्त्याने जायचे, हे तिथेही तसेच.

## स्कॅन करून बसलो, आता?

लाजू नका आणि थांबू नका. आधी बँकेला फोन करून खात्यावरचे व्यवहार थांबवायला सांगा आणि कार्ड बंद करा, लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. मोबाइलवर कोणी अॅप टाकायला लावले असेल तर आधी इंटरनेट बंद करा आणि हे फोन दुसऱ्या मोबाइलवरून करा. मग पोर्टलचा पासवर्ड बदला. घाई करायची ती इथे. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घातलेल्या नियमानुसार ग्राहकाने स्वतः पासवर्ड किंवा ओटीपी दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. घरच्यांना कसे सांगू या विचारात घालवलेला एक तास फार महाग पडतो.

इंटरनेट वापरता येत नसेल तर खात्याच्या १८०० १०३ ००२५ या मोफत क्रमांकावर विचारता येते, किंवा जवळच्या आयकर कार्यालयातल्या आयकर सेवा केंद्रात पत्र घेऊन जाता येते.

काकूंचे त्या संध्याकाळी आम्ही लॉगइन करून पाहिले. २४,८७० चे नाव कुठे नव्हते. पण त्यांचे खरे रिटर्न तपासून झाले होते, रिफंडही निघाला होता, आणि तो परत गेला होता. शाखेचा आयएफएससी कधीच बदलला होता आणि पोर्टलवर जुनाच होता. काकूंनी पासबुक आणले, चष्मा पुसला आणि एकेक अक्षर मोठ्याने वाचत नवा कोड सांगितला. खाते पडताळले गेले, रीइश्यूची विनंती केली. काही दिवसांनी त्या पासबुक भरून घेऊन आल्या आणि एका ओळीवर बोट ठेवले: बारा हजार आणि वर व्याजाचे तीनशे साठ. छापलेले ते पत्र मात्र त्यांनी फाडले नव्हते. पुढच्या आठवड्यात महिला मंडळात सगळ्यांना दाखवायला म्हणून ते अजून त्याच फोल्डरमध्ये होते, आणि त्यावरच्या क्यूआर कोडावर त्यांनी काळ्या स्केचपेनने फुली मारली होती.